तीन तिकडं, तीन इकडं



बडोद्यात आमची ही पाचवी पिढी. आजी मल्हाररावांची गोष्ट सांगायची आणि शेवटी दरवेळी म्हणायची, "तीन तिकडं, तीन इकडं, तरी महाराज गेलेच!" त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष आढळलं. संशय महाराजांवर. सरकारने सहा जणांचं कमिशन नेमलं. तीन इंग्रज, शिवाय ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. निकाल काय, तर इंग्रजांच्या मते महाराज दोषी आणि आपल्या तिघांच्या मते आरोप सिद्धच झाला नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन महाराजांना गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवलं. म्हणजे चौकशी एका आरोपाची, शिक्षा भलत्याच कारणासाठी.

मल्हारराव काही साधुपुरुष नव्हते. पण राजाला काढायची लेखी रीत नव्हती, वरच्याची मर्जी होती.

आता पुढचं बघा. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन शिकलेले डॉ. आंबेडकर राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. १९४८ च्या मसुद्यात राज्यपालांवर महाभियोग चालवायचं कलम होतं, १३७ वं. आरोप राज्याच्या विधानसभेने ठेवायचा. कारण तेव्हा राज्यपाल निवडून आणायचा विचार होता. मे १९४९ च्या अखेरीस घटना समितीने ठरवलं की राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमायचे. मग महाभियोगाचं कलम गळालं आणि राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पद, असं ठरलं. शिक्षा माफ किंवा कमी करायचा अधिकार मात्र राहिला. तेच आजचं कलम १६१.

हे वाचताना मला माझीच एक फजिती आठवली. मी खेड्यातल्या शाखेत मॅनेजर होतो. एका विधवा बाईंच्या पीककर्जावरचं दंडव्याज मी माफ केलं. अधिकार माझाच होता. पण ऑडिटर आले आणि मला मेमो मिळाला. म्हणाले, "साहेब, माफी दिलीत ते ठीक, पण कारण कुठं लिहिलंय?" खरंच लिहिलं नव्हतं. ती रक्कम मी खिशातून भरली. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं. त्या बाई खरोखर अडचणीत होत्या की माझ्या ओळखीच्या होत्या, हे कागदावरून कुणाला कसं कळणार?

न्यायालयंही शेवटी तिथंच आली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली शिक्षेतली सूट रद्द करून ती फेरविचारासाठी परत पाठवली. २०१० साली सांगितलं की मर्जी असली तरी राज्यपालांना मनमानी करून काढता येणार नाही, सबळ कारण हवंच.

माफी असो की हकालपट्टी, कारण हवं. आजीला कलमं ठाऊक नव्हती, पण तिला खटकलं ते हेच.

तुमच्या घरी मल्हाररावांच्या काळाची एखादी आठवण सांगितली जात असेल तर जरूर लिहा. आमच्या पिढीनंतर ती सांगणारं कुणी उरणार नाही.