जर्दाळू रंगाचा दिवा

रात्री उशिरा, परक्या गावात, हॉटेलच्या खोलीचं दार उघडतं. आत मिट्ट काळोख, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात किल्ली. तरी आपण चाचपडत नाही. हात आपसूक चौकटीच्या आतल्या बाजूला भिंतीवर जातो आणि बटण तिथंच सापडतं. ते तिथं असणार हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की दिवा लागला याचं काहीच वाटत नाही. पण एके काळी ते तिथं नव्हतं. कुणाला तरी ते सुचलं, आणि सुचलं तेही ज्यानं स्वतः अशी दारं हजारदा उघडली होती त्याला.

एल्सवर्थ स्टॅटलर हा 1863 साली जन्मलेला अमेरिकन. लहानपणी काचेच्या कारखान्यात राबला आणि तेराव्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावात एका हॉटेलात बेलबॉय म्हणून लागला. पाण्याचे जग भरून मजले चढायचे, पाहुण्यांचं सामान वाहायचं. खोलीत शिरलेला माणूस दमलेला असतो आणि त्याला नेमकं काय हवं असतं, हे स्टॅटलरला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे 1908 साली बफेलो शहरात त्यानं स्वतःचं मोठं हॉटेल उघडलं आणि जाहिरात केली: दीड डॉलरमध्ये खोली आणि बाथरूम. दाराशी दिव्याचं बटण. कुलपाचं भोक मुठीच्या खाली नाही, वर, म्हणजे अंधारात किल्ली चटकन लागावी. अंगभर दिसेल असा आरसा. आणि थंडगार पाण्याचा वेगळा नळ, म्हणजे जग घेऊन मजले चढणारा पोरगा नको.

दीड डॉलरमध्ये हे परवडलं ते एका साध्या युक्तीमुळे. शेजारशेजारच्या दोन खोल्यांची बाथरूम त्यानं पाठीला पाठ लावून बांधली आणि दोन्हींचे नळ, सांडपाणी, वायरी एकाच उभ्या पोकळीतून तळापासून गच्चीपर्यंत नेल्या. ती पोकळी आजही जगभरच्या हॉटेलांत आहे. पहाटे दात घासताना भिंतीपलीकडे कुणाचा तरी शॉवर ऐकू येतो ना, तो आवाज स्टॅटलरच्या पोकळीतून येतो.

हॉटेलच्या खोलीची हाडं ही अशी अमेरिकेत घडली. तिचा चेहरा मात्र त्याआधी दहा वर्षं पॅरिसमध्ये घडला होता.

सेझार रिट्झ हा स्वित्झर्लंडमधल्या नीडरवाल्ड या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, घरातलं तेरावं अपत्य. वेटर म्हणून सुरुवात करून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलपर्यंत पोचलेला. 1 जून 1898 रोजी पॅरिसच्या प्लास व्हांदोम चौकात त्यानं आपल्या नावाचं हॉटेल उघडलं. वास्तुकार होते शार्ल मेवेस. बाहेरून जुना राजेशाही वाडा, आतही सोनेरी नक्षी. पण खोलीत गेलं की रिट्झचा खरा हट्ट दिसायचा, आणि तो होता स्वच्छतेचा. क्षयरोगाची धास्ती घेतलेला तो काळ. जाड मखमली पडदे म्हणजे धुळीचं घर, म्हणून ते हद्दपार. त्यांच्या जागी धुता येतील असे हलके पडदे. भिंतींना कागद चिकटवण्याऐवजी रंग, कारण रंग पुसता येतो. लाकडी पलंगाऐवजी पितळी. कपाटं भिंतीत बसवलेली, म्हणजे कपाटामागचा कोपरा झाडायचा राहू नये. आज आपण ज्याला सुटसुटीत म्हणतो त्या खोलीचं मूळ केरसुणी कुठवर पोचते या हिशेबात आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि मग तो दिवा. विजेचे दिवे तेव्हा नवे होते, आणि त्यांचा उजेड उघडावाघडा, कठोर. मेणबत्तीच्या आणि गॅसच्या उजेडाला सरावलेले चेहरे त्यात ओढलेले, पिवळट दिसायचे. रिट्झला हे खपेना. त्याच्याकडे जेवायला येणाऱ्या स्त्रिया ठेवणीतले कपडे घालून येत. त्या आपल्या घरी दिसतात त्याहून इथं सुंदर दिसल्या पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं बायकोला, मारी-लुईला, बसवलं. तासन्‌तास ती बसून राहायची आणि इलेक्ट्रिशियन एकामागून एक रंगाच्या शेड लावून बघायचा. रिट्झ दिव्याकडे बघतच नव्हता, तो तिच्या गालांकडे बघत होता. शेवटी मऊ गुलाबीकडे झुकणारा जर्दाळू रंग पक्का झाला. पुढे तिनं नवऱ्याचं चरित्र लिहिलं, त्यात हा प्रसंग आहे. हॉटेलच्या इंटिरियरचा इतिहास कुठून सुरू करायचा असं मला विचारलं तर मी या खोलीतून करीन: एक बाई स्थिर बसली आहे, आणि उजेड तिच्या चेहऱ्याला जुळवून घेतो आहे.

पाचच वर्षांनी, डिसेंबर 1903 मध्ये, मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्य 1900 साली वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. आतल्या वस्तू जमशेटजी टाटांनी युरोपात हिंडून स्वतः निवडल्या. लिफ्ट जर्मन, पंखे अमेरिकी, स्नानगृहं तुर्की पद्धतीची, आणि बॉलरूमला पॅरिसहून आणलेले लोखंडी खांब. जे जे जगात उत्तम ते आपल्या शहरात असावं ही त्यामागची ओढ होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवाह उलटा वाहू लागला. आता हॉटेलच परदेशी जाऊ लागलं. पोर्टो रिकोच्या सरकारला पर्यटक हवे होते. त्यांनी अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यांना पत्रं पाठवली. कॉनरॅड हिल्टन लहानपणापासून न्यू मेक्सिकोत वाढलेला, स्पॅनिश जाणणारा. त्यानं उत्तर स्पॅनिशमध्ये पाठवलं आणि काम मिळवलं. इमारत सरकारनं बांधायची, चालवायची हिल्टननं. 1949 च्या डिसेंबरात सान हुआनला कॅरिब हिल्टन उघडलं: तीनशे खोल्या, प्रत्येकीला समुद्राकडे बाल्कनी. या एका कराराच्या धर्तीवर पुढची कितीतरी परदेशी हॉटेलं उभी राहिली.

त्यातलं सगळ्यात बोलकं हॉटेल इस्तंबूलचं हिल्टन. जून 1955. पैसा तुर्कस्तानच्या पेन्शन फंडाचा आणि काही अमेरिकी मदतीचा. आराखडा न्यूयॉर्कच्या गॉर्डन बन्शाफ्टचा, जोडीला इस्तंबूलचे सेदाद हाक्की एल्देम. एल्देम यांनी जुन्या तुर्की घरांच्या अभ्यासात आयुष्य घातलं होतं. टेकडीवर काँक्रीटची पांढरी चौकटच चौकट, एका चौकटीत एक खोली. समोर बॉस्फरस. लॉबीच्या काचेतून आत शिरताच पलीकडचं पाणी दिसावं अशी रचना. खोलीत स्टॅटलरचा थंड पाण्याचा नळ होताच. उद्घाटनाच्या काही महिने आधी हिल्टननं स्टॅटलरची सगळी हॉटेलं 11 कोटी 10 लाख डॉलर देऊन विकत घेतली होती. म्हणजे व्हीलिंगच्या बेलबॉयचे कष्ट वाचवायला सुचलेली सोय आता बॉस्फरसच्या काठी पोचली.

आणि तुर्कस्तान कुठं होता? दाराशी. एल्देम यांनी प्रवेशाला पातळ काँक्रीटचं लाटांसारखं छत दिलं, बारीक खांबांवर तोललेलं. लोक त्याला उडता गालिचाच म्हणतात. आत फरशांवर आणि गालिच्यांवर तुर्की कारागिरी, एका दालनाचं नाव ट्यूलिप. पण पाहुणा झोपायचा, अंघोळ करायचा ती जागा पूर्ण अमेरिकी मापाची. ही वाटणी तेव्हापासून जी रूढ झाली ती आजतागायत: लॉबीत वारली चित्र किंवा पैठणीचा तुकडा, आणि वर खोली सगळीकडे तीच. मला ही वाटणी खटकते. एल्देमसारख्या माणसाला तुर्की खोली कळत होती: खिडकीलगतचं बैठं आसन, भिंतीतली कपाटं, दिवसा बैठक आणि रात्री अंथरूण. ते ज्ञान छतापाशीच थांबलं, आत आलंच नाही. पाहुण्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून घराचंच माप आणलं, आणि तो ज्या गावी आला त्या गावात लोक कसे बसतात, निजतात, हे त्याला कळायचं राहून गेलं.

आत-बाहेर एकाच हातानं घडलेलं हॉटेल पाहायचं तर कोपनहेगनला जावं लागतं. 1960 साली आर्ने याकोबसन यांनी तिथं एसएएस रॉयल हॉटेल केलं: इमारत त्यांची, दाराच्या मुठी त्यांच्या, काटेचमचे त्यांचे, आणि पुढे जगभर गेलेल्या ‘एग’ नि ‘स्वान’ खुर्च्याही इथल्याच. हॉटेलचं आतलं सामान मात्र फार काळ जगत नाही. पाहुणे बदलतात, आवडी बदलतात, जुनं काढून टाकलं जातं, आणि कुणी नोंदही ठेवत नाही. रॉयलमधलंही तसंच गेलं. फक्त 606 क्रमांकाची एक खोली होती तशी राखली आहे. निळसर हिरव्या खुर्च्या, भिंतीवर वेंगे लाकडाची गडद पट्टी, तिच्यात दुमडून ठेवता येणारं शृंगाराचं टेबल. त्याच पट्टीवर दिवे बसवले आहेत. ते सरकतात. पलंगावर वाचत पडलात तर पलंगाकडे ओढायचे, खुर्चीत बसलात तर खुर्चीकडे.