जोडीचा भाग आणि चालते यंत्र

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकले. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि मंडणगड तालुक्यांना त्याचा मोठा तडाखा बसला. विजेचे खांब आडवे झाले, झाडे पडून रस्ते अडले आणि अनेक गावांचे फोन काही दिवस मुके राहिले. दूरसंचाराच्या यंत्रांत महत्त्वाचे भाग जोडीने बसवलेले असतात, असे आपण ऐकतो. मग असे का झाले? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९६५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, सक्कासुना येथे, संगणकाच्या आज्ञावलीवर चालणारे टेलिफोन केंद्र सुरू झाले. चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा अधिक काळ केंद्र बंद राहू नये, असे उद्दिष्ट अभियंत्यांनी ठेवले होते. कधीच न बिघडणारा भाग कोणालाही बनवता येत नाही. हे मान्य करून त्यांनी नियंत्रक दोन ठेवले. दोघेही तेच काम एकाच वेळी करीत व उत्तरे ताडून पाहिली जात. फरक आढळला की बिघडलेला नियंत्रक बाजूला काढला जाई आणि दुसरा काम पुढे नेई.

आपल्याकडे हा विचार खेड्यापर्यंत पोचला तो सी-डॉटमुळे. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे १२८ पोर्टांचे ग्रामीण टेलिफोन केंद्र १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे, म्हणजे राणी चन्नम्मांच्या गावी, सुरू झाले. धूळ, उकाडा आणि बेभरवशाची वीज गृहीत धरून ते आखले होते. त्याला वातानुकूलन लागत नसे आणि नियंत्रणाची मुख्य कार्डे जोडीने असत.

पुढे १९९०च्या दशकात इंटरनेटवरील संदेशांना वाट दाखवणाऱ्या मोठ्या राउटरांनी हीच रीत उचलली. त्यांत वीजपुरवठ्याचे संच दोन, नियंत्रक कार्डे दोन. शिवाय बिघडलेले कार्ड यंत्र चालू असतानाच बदलण्याची सोय. हिला ‘हॉट-स्वॅप’ म्हणतात. वाटते तितके हे सोपे नाही. नव्या कार्डावरील रिकामी धारित्रे एकदम विद्युतप्रवाह ओढतात, त्यामुळे शेजारच्या कार्डांचा दाब घसरून चुका होऊ शकतात. म्हणून कार्डाच्या पिना कमीअधिक लांबीच्या करतात. आधी भूसंपर्क जुळतो, मग मर्यादित प्रवाहाने वीज मिळते आणि संदेशांच्या पिना शेवटी जुळतात. घरातला तीन पिनांचा प्लग वर्गात दाखवावा. त्यातली अर्थची पिन लांब असते, ती याच विचाराने: ती आधी जुळते आणि शेवटी सुटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जोडीचा भाग उपयोगी पडतो तो दोन्ही भाग वेगवेगळ्या कारणांनी बिघडत असतील तरच. राउटरचे दोन्ही वीजसंच एकाच तारेवर असले, तर तार तुटताच दोन्ही थांबतात. दोन केबली एकाच खांबांवरून गेल्या तर मोजायला त्या दोन, वादळाला मात्र एकच! बॅटरी संपते, जनित्राला डिझेल लागते आणि डिझेलला रस्ता लागतो.

विद्यार्थ्यांना शाळेतील दिवे, पाणी आणि फोन यांच्या वाटा कागदावर काढायला सांगाव्यात. जिथे साऱ्या वाटा एकाच ठिकाणाहून जातात, तिथे त्यांनी खूण करावी. पुढचे वादळ आधी तिथेच गाठणार आहे.