शेषांवरून पूर्णांक : मीटरच्या मोजणीतील एक प्रकरण

पॅरिसजवळ सेव्र येथे आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयाच्या तळघरात, तीन निरनिराळ्या किल्ल्यांवाचून न उघडणाऱ्या कोठडीत, प्लॅटिनम व इरिडियम ह्यांच्या मिश्रधातूची एक कांब ठेवलेली आहे. इ. स. १८८९ पासून १९६० पर्यंत तिच्यावरील दोन सूक्ष्म रेघांमधले, बर्फ वितळण्याच्या तपमानास असणारे अंतर म्हणजे मीटर, अशी व्यवस्था होती. मूळ संकल्प निराळा होता. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे फ्रेंच क्रांतीच्या काळात ठरले. पण त्या मोजणीतच चूक राहिली आणि मीटर सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला. तेव्हा पृथ्वी बाजूस राहिली व कांब प्रमाण ठरली. परंतु ती कांब भंगली, किंवा काळाच्या ओघात किंचित आटली, तर तिचा न्याय कोणी करावा? अचल माप हवे असेल तर ते प्रकाशाच्या तरंगलांबीत शोधावे, असे मॅक्सवेलने १८७० मध्येच सुचविले होते.

ते करून दाखविले अमेरिकन शास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन आणि सेव्र कार्यालयाचे संचालक रने बेन्वा ह्यांनी, १८९२-९३ मध्ये. मायकेलसनचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असते, बेन्वाचे क्वचितच. हा अन्याय होय.

मायकेलसनच्या यंत्रात एकाच किरणाचे दोन भाग करून ते दोन आरशांवरून परत एकत्र आणतात. त्यांच्या मीलनातून काळे-उजळ पट्टे उमटतात. एक आरसा अर्ध्या तरंगलांबीने सरकला की एक पट्टा पुढे जातो. कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाने अख्खा मीटर असा मोजू म्हटले तर ३१ लाखांहून अधिक पट्टे एकामागून एक मोजावे लागतील, आणि मध्ये एक जरी सुटला तरी सारे व्यर्थ! म्हणून त्यांनी नऊ मापे तयार केली. सर्वांत लहान सुमारे ०.३९ मिलिमीटरचे आणि पुढचे प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, असे करीत शेवटचे १० सेंटिमीटरचे. प्रत्यक्ष मोजावयाचे ते फक्त पहिल्यातील बाराशेच्या आसपासचे पट्टे. पुढे दुपटीची तुलना.

तरीही पूर्णांक बरोबर आहे, ह्याची खात्री कशी पटावी? येथे गणिताच्या शिक्षकांस एक ओळखीची वाट दिसेल. शंभराच्या आतील एका संख्येस ७ ने भागल्यास ३ उरतात, ५ ने भागल्यास १ आणि ४ ने भागल्यास २. तर ती संख्या ६६ च असली पाहिजे. भागाकार किती आला हे कोणीच सांगितलेले नाही, केवळ शेष सांगितले. आर्यभटाने मांडलेला आणि भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त शिकविलेला कुट्टक ह्याच जातीचा. सेव्र येथील शास्त्रज्ञांस कुट्टक ठाऊक होता असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. आपल्याकडे अशा साम्यावरून फार लवकर वारसा सांगितला जातो. पण विचार तोच आहे. तेथे भाजकाच्या जागी कॅडमियमचे तीन रंग येतात: तांबडा, हिरवा आणि निळा. त्यांच्या तरंगलांबी अनुक्रमे सुमारे ०.०००६४४, ०.०००५०९ व ०.०००४८० मिलिमीटर. प्रत्येक रंगात पट्ट्याचा अपूर्णांक तेवढा वाचावयाचा. लांबी आधी ढोबळ मानाने ठाऊक असली, तर तिन्ही अपूर्णांकांशी जुळणारा पूर्णांक एकच उरतो. अपूर्णांक वाचण्यात थोडी चूक होणारच, म्हणून दोन रंगांवर न थांबता तिसराही साक्षीस घ्यावयाचा.

अखेर १० सेंटिमीटरचे माप दहा वेळा पुढे सरकवून मीटर गाठला. उत्तर आले: १५° सेल्सिअसच्या हवेत तांबड्या प्रकाशाच्या १५,५३,१६३.५ तरंगलांबी म्हणजे एक मीटर. पुढे १९०६ च्या सुमारास बेन्वा, फाब्री आणि पेरो ह्यांनी वेगळ्या यंत्राने तीच मोजणी केली, तेव्हा १५,५३,१६४.१३ हा आकडा मिळाला. अख्ख्या मीटरमागे अंतर पडले ते एका तरंगलांबीहूनही कमी.

तरीही कांब आपल्या जागी राहिली, ती १९६० पर्यंत. ह्या विलंबास मी दोष देत नाही. बहुतेक मूलद्रव्यांच्या वर्णरेषा एकेरी नसून अनेक बारीक रेषांचा जुडगा असतात, हे मायकेलसननेच दाखविले होते. पुरेशी शुद्ध रेषा हाती येण्यास क्रिप्टॉन-८६ हे एकच समस्थानिक वेगळे काढावे लागले. त्याच्या नारिंगी रेषेच्या निर्वातातील १६,५०,७६३.७३ तरंगलांबींचा मीटर १९८३ पर्यंत चालला, आणि त्या वर्षी प्रकाशाचा वेगच सेकंदास २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवून टाकण्यात आला.

व्याख्या बदलल्या, शेषांची रीत मात्र राहिली. कारखान्यांतील पोलादी मापठोकळे तपासताना प्रयोगशाळांतून आजही दोन-तीन रंगांचे लेसर वापरतात, प्रत्येकाचा अपूर्णांक तेवढा टिपतात, आणि पूर्णांक त्यांच्यावरून काढतात.