रीबूटनंतर रुसणारा आभासी संगणक

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत एखाद्या लिनक्स संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समधून जुने विंडोज चालवले जात असेल, तर तिथे अशी सकाळ कधीतरी उजाडतेच: रात्रीपर्यंत सारे सुरळीत, रीबूट होताच आभासी संगणक सुरू होत नाही आणि बिलांची जुनी प्रणाली आतच अडकते. दोष रीबूटच्या माथी मारला जातो. तो अन्यायच.

जर्मनीच्या इनोटेक कंपनीने २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सचा सोर्स कोड खुला केला. पुढे ते सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. त्याचे कर्नल मॉड्यूल मात्र लिनक्सच्या बाहेरच राहिले. कर्नलची अंतर्गत रचना स्थिर ठेवण्याचे बंधन लिनक्सकर्त्यांनी जाणीवपूर्वक नाकारले. परिणामी प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते मॉड्यूल नव्याने बांधावे लागते. अपडेट नवे कर्नल डिस्कवर ठेवून मोकळे होते; ते कामाला लागते रीबूटनंतर.

हे बांधकाम आपोआप व्हावे म्हणून डेलच्या अभियंत्यांनी डीकेएमएस घडवले. परंतु त्या कर्नलच्या हेडर फाइल्स नसल्यास तेही हतबल ठरते. आधी त्या बसवून मग व्हीबॉक्सकॉन्फिग ही आज्ञा चालवावी. सिक्युअर बूट असल्यास मॉड्यूलवर स्वाक्षरीही हवी.

प्रतिस्पर्धी केव्हीएम २००७ पासून कर्नलच्या आतच आहे. २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून ते लोड होताच प्रोसेसरची आभासीकरण सुविधा ताब्यात घेते. तेव्हा केव्हीएमचे मॉड्यूल उतरवले नाही, तर व्हर्च्युअलबॉक्सला जागा मिळेलच असे नाही.

या साऱ्यात आभासी डिस्कची फाइल सहसा शाबूत असते. घाबरून ती पुसणाऱ्यांचेच खरे नुकसान होते.