संगणकाला हात फुटले त्याची गोष्ट

उन्हाळ्यात बातम्यांमध्ये 'मुंबईचे तापमान' सांगितले जाते, ते बहुधा कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचे असते. दोन्ही ठिकाणे समुद्राजवळची. दुपारी समुद्रावरून येणारा गार वारा तेथे लवकर पोहोचतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने ६८ किलोमीटरवर असलेल्या बदलापूरला आणि त्याच्या अलीकडच्या अंबरनाथ, उल्हासनगरला तो पोहोचेपर्यंत जमीन तापलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये बदलापूरला पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याच्या नोंदी हौशी निरीक्षकांनी केल्या आहेत.

समजा, या तीन शहरांतल्या एखाद्या शाळेने ठरवले की आपल्या आवारातले तापमान आपणच मोजायचे. काय लागेल? तापमापक सहज मिळतो. मिळत नाही तो दर दहा मिनिटांनी, रात्री-अपरात्रीसुद्धा, तापमापक वाचणारा माणूस. दिवसाच्या १४४ नोंदी, महिन्याच्या ४,३२०!

हा प्रश्न जुनाच आहे. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला कुलाब्याच्या वेधशाळेत केरो लक्ष्मण छत्रे हे विशीही न ओलांडलेले तरुण प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली सहायक होते. पुढे गणितज्ञ केरूनाना म्हणून ते महाराष्ट्राला परिचित झाले. त्या काळी नोंद म्हणजे डोळा, घड्याळ, लेखणी आणि वही. आज वही आणि घड्याळ ही दोन्ही कामे संगणक उत्तम करतो. पण संगणकाला तापमान दिसत नाही आणि पंख्याचे बटण दाबता येत नाही. त्याला डोळे आणि हात कसे मिळाले, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

एका ओळीत पेटणारा दिवा

१९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे शाळा होत्या. त्यांना मिळालेला संगणक होता 'बीबीसी मायक्रो'. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीने तो १९८१ मध्ये बाजारात आणला होता. या यंत्राच्या खालच्या बाजूला 'यूजर पोर्ट' नावाची जोडणी होती. तिच्यातील आठ तारांवर ० किंवा १ पाठवता येई, तसेच बाहेरून आलेला ० किंवा १ वाचताही येई. बेसिक भाषेतल्या एका ओळीने तारेत विद्युतदाब यायचा. योग्य मंडल जोडले की दिवा पेटायचा. ओळ लिहिली, कळ दाबली, की परिणाम समोर. विद्यार्थ्याच्या दृष्टीने याहून सरळ मार्ग नव्हता.

१९९० च्या दशकात पीसी आले. त्यांना यूजर पोर्ट नव्हते, पण प्रिंटर जोडण्याचे पोर्ट होते. हौशी मंडळींनी त्याचाच उपयोग केला. बहुतेक पीसींमध्ये या पोर्टचा पत्ता ८८८ हा असे. बेसिकमधून या पत्त्यावर एखादी संख्या पाठवली की प्रिंटरच्या तारांवर जोडलेले दिवे तिच्या द्विमान रूपानुसार लागत. उदाहरणार्थ ५ पाठवले, तर पहिला आणि तिसरा.

हा मार्गही पुढे बंद झाला. विंडोज एनटी आणि तिच्या घराण्यातल्या पुढच्या आवृत्त्यांनी साध्या प्रोग्रॅमला पोर्टला थेट हात लावू देणे थांबवले. एका प्रोग्रॅमच्या चुकीने सारे यंत्र बंद पडू नये, हा त्यामागचा रास्त हेतू. १९९६ नंतर यूएसबी आले आणि हळूहळू प्रिंटर पोर्टच संगणकावरून नाहीसे झाले. यंत्र अधिक सुरक्षित झाले, अधिक वेगवान झाले. पण विद्यार्थ्याच्या हातातली तार सुटली.

मधला गडी

ती तार पुन्हा जोडली मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे सूक्ष्मनियंत्रकाने. प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे पाय हे सर्व एकाच चिपमध्ये. १९७४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस १००० ही चिप बाजारात आली. १९८० मध्ये इंटेलची ८०५१ आली. आपल्याकडच्या पदविका आणि अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या. १९९० च्या दशकात नॉर्वेतील ट्रॉन्हाइम येथील दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून एव्हीआर ही मालिका निघाली.

यातून कामाची एक छान वाटणी झाली. संगणक एकाच वेळी पन्नास कामे करीत असतो, त्यामुळे सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकी अचूक वेळ पाळण्याची हमी तो देऊ शकत नाही. सूक्ष्मनियंत्रक एकच काम करतो आणि वेळ पाळतो. उलट, नोंदी साठवणे, आलेख काढणे, सरासरी घेणे ही कामे संगणकाने करावीत. दोघांमध्ये केबलवरून एकामागून एक अंक जात-येत राहतात.

या मांडणीचे एक चांगले उदाहरण आपल्याजवळच, पवईच्या आयआयटीमध्ये आहे. रासायनिक अभियांत्रिकीचे प्रा. कन्नन मौद्गल्य, इंदरप्रीत अरोरा आणि सच्चिदानंद मालेवार यांनी विकसित केलेल्या 'सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम'चे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एका छोट्या फळ्यावर धातूची पट्टी, तिला तापवणारे नायक्रोमचे वेटोळे, गार करणारा संगणकातला पंखा, तापमानाचा संवेदक आणि एव्हीआर मालिकेतील एटीमेगा१६ ही चिप. संगणकावर सायलॅब ही फ्रान्समध्ये तयार झालेली मुक्त प्रणाली. तिच्यात लिहिलेली आज्ञावली बोर्डाला सांगते, 'हीटर इतका, पंखा इतका', आणि उत्तरादाखल तापमान घेते. तापमान ठरवलेल्या अंकावर कसे टिकवायचे, हे गणित मात्र विद्यार्थ्याने लिहायचे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या रासायनिक कारखान्यांमध्ये मोठ्या पात्रांच्या बाबतीत हाच प्रश्न असतो. तेथे चुकून चालत नाही. या फळ्यावर चुकले तर पुन्हा करता येते. इंटरनेटवरून दूरच्या विद्यार्थ्यांनाही पवईतला हीटर चालवता येईल अशी सोय या गटाने केली.

दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये अजित कुमार यांनी त्याच्या काही वर्षे आधी 'फिनिक्स' प्रकल्पात हाच विचार भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी वापरला होता. तेथे भाषा होती पायथन.

पायथन कशासाठी?

पायथन ही गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेली स्क्रिप्टिंग भाषा. अशा भाषेत ओळ लिहिली की ती लगेच चालते. इटलीतील इव्ह्रेआ येथे २००५ मध्ये आर्डुइनो हा स्वस्त बोर्ड तयार झाला, आणि २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेतून आपल्याकडच्या अनेक शाळांतही असे बोर्ड पोहोचले. एरवी बोर्डाच्या वागण्यात बदल करायचा, तर प्रोग्रॅम नव्याने भाषांतरित करून चिपमध्ये भरावा लागतो. पण बोर्डात एकदाच एक छोटा प्रोग्रॅम भरून ठेवला (संगणकाने विचारले की संवेदक वाच आणि अंक कळव), तर पुढचे सर्व बदल संगणकावरच्या पायथनमध्ये होतात. दहाऐवजी पाच मिनिटांनी नोंद हवी? एक अंक बदला. ३५ अंशांवर छोटा पंखा सुरू व्हायला हवा? बोर्डातल्या प्रोग्रॅममध्ये 'पंखा लाव' ही आज्ञा आधीच ठेवली असेल, तर दोन ओळी पुरतात. (पंखा बॅटरीवरचा घ्यावा आणि ट्रान्झिस्टरमार्फत जोडावा. घरगुती विजेला हात लावू नये.)

आता आपल्या शाळेचा हिशोब करू. एलएम३५ हा संवेदक प्रत्येक अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनो ऊनो बोर्ड ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. बोर्डाने ८० हा अंक पाठवला, तर ८० गुणिले ५०० भागिले १०२४, म्हणजे ३९ अंश. येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : पडद्यावर ३९.०६ दिसते, ते खरे मानायचे का? एक भाग म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. तेव्हा दशांश चिन्हापुढचे दोन अंक हे भागाकाराने दिलेले आहेत, हवेने नव्हे. बोर्डातील १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ वापरला तर एक भाग सुमारे ०.१ अंशाचा होतो. तरीही संवेदकाची स्वतःची चूक उरते. म्हणून चांगल्या तापमापकाशी ताडून पाहावेच.

आणखी तीन गोष्टी अनुभवाने कळतात. पायथनने पोर्ट उघडले की ऊनो बोर्ड नव्याने सुरू होतो, म्हणून पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी दोन सेकंद थांबावे. संवेदक उन्हात किंवा पत्र्याला टेकून ठेवला, तर मोजले जाते ते पत्र्याचे तापमान. तो सावलीत, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, वारा खेळेल अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत हवा. आणि वीज गेली, संगणक बंद पडला, तर त्या वेळच्या नोंदी रिकाम्याच ठेवाव्यात. आधीच्या आणि नंतरच्या अंकांवरून अंदाजाने भरू नयेत. हा नियम केरूनानांच्या काळच्या वहीला लागू होता, तसाच तो पायथनच्या फाइललाही लागू आहे.

उल्हासनगरच्या दाट वस्तीतली एक शाळा, अंबरनाथची एक आणि बदलापूरची एक, अशा तीन शाळांनी एकाच उंचीवर, एकाच प्रकारच्या पेटीत, एकाच अंतराने एप्रिल महिनाभर नोंदी घेतल्या तर? प्रत्येकी ४,३२० अंक जमतील. समुद्राचा वारा कोणत्या शाळेत किती वाजता पोहोचला, कोणत्या शहरात रात्र उशिरा गार झाली, हे त्यांतून विद्यार्थ्यांनाच शोधता येईल. बातम्यांतल्या मुंबईच्या आकड्याशी आपला आकडा का जुळत नाही, हे त्यांना मग स्वतःच्या नोंदींवरून सांगता येईल.