पेट्रोलची प्रत कोण ठरवते?

पेट्रोल पंपावर 'साधं की प्रीमियम?' असे विचारले जाते आणि लिटरमागे काही रुपये जास्त मोजले की गाडीला चांगले पेट्रोल घातल्याचे समाधान आपण घेतो. पेट्रोलचा दर्जा ही जणू गाडीमालकाच्या आवडीनिवडीची आणि ऐपतीची बाब आहे, असा समज त्यामागे असतो. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. पेट्रोलमध्ये शिसे किती, गंधक किती, बेंझीन किती, त्यात रॉकेल मिसळले जाते की नाही, यांपैकी एकही गोष्ट ग्राहकाने नोझलपाशी उभे राहून ठरवलेली नाही. त्या प्रयोगशाळांत, कंपन्यांच्या संचालक मंडळांत, न्यायालयांत आणि सरकारी समित्यांत ठरल्या. गाडीमालकाच्या हाती खरी निवड एकच असते, ती ऑक्टेनची. आणि तीसुद्धा बरीचशी इंजिन बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते. हे नीट समजून घेतले, तर पंपावर पैसा कुठे वाया जातो आणि नागरिक म्हणून आवाज कुठे उठवायला हवा, या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

सुरुवात ऑक्टेनपासूनच करू. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. दाब जितका जास्त, तितके त्याच इंधनातून काम जास्त मिळते. पण दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते, धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनची हानी होते. पेट्रोल या ठोक्याला किती तग धरते, हे मोजायला सुरुवातीला काही मापच नव्हते. १९२६ मध्ये ग्रॅहॅम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने दोन शुद्ध द्रव प्रमाण म्हणून सुचवले: सहज ठोकणाऱ्या हेप्टेनला शून्य गुण आणि ठोका न देणाऱ्या आयसो-ऑक्टेनला शंभर. पुढे या मोजणीसाठी एका सिलिंडरचे खास इंजिन बनवले गेले. ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालू ठेवून त्यातला दाब कमी-जास्त करता येतो, आणि हातातले पेट्रोल या दोन द्रवांच्या कोणत्या मिश्रणासारखे ठोकते ते पाहिले जाते. आपल्याकडच्या पेट्रोलचा ९१ हा अंक असाच आलेला आहे: ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांचे मिश्रण जसे वागते, तसे हे पेट्रोल वागते. हा अंक स्वच्छता, ताकद किंवा शुद्धता यांबद्दल काहीच सांगत नाही. ९१ साठी घडवलेल्या इंजिनात ९५ किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल घातले, तर जो ठोका पडणारच नव्हता तो टाळण्यासाठी आपण पैसे मोजलेले असतात.

हा ठोका थांबवण्याच्या धडपडीतूनच पेट्रोलच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपराध घडला. जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. त्याच्या अत्यल्प मात्रेने ठोका बंद होत असे. १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात असे पेट्रोल विकायला सुरुवात झाली, तेही 'एथिल' या नावाने. शिशाचा उल्लेख जाहिरातीतून वगळला गेला. शिसे विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले आणि अनेकांना वेड्यासारखी अवस्था आली. १९२५ मध्ये विक्री थांबली, अमेरिकी आरोग्य खात्याने परिषद भरवली आणि औद्योगिक रोगांच्या जाणकार डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तिथे कडाडून विरोध केला. तरीही पुढच्याच वर्षी बंदीला पुरेसा आधार नसल्याचा निष्कर्ष निघाला आणि विक्री पुन्हा सुरू झाली. अल्कोहोलनेही ठोका थांबतो हे मिजली आणि त्यांचे सहकारी जाणून होते. परंतु अल्कोहोलवर कुणाला एकाधिकार मिळवता येत नव्हता, शिशाच्या संयुगावर तो मिळत होता. त्यानंतर जवळपास अर्धे शतक जगभरच्या गाड्यांच्या धुरातून शिसे मुलांच्या रक्तात जात राहिले. १९६५ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी माणसाच्या शरीरातल्या शिशाचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढल्याचे मांडले, तेव्हा कुठे चक्रे फिरू लागली. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, शिसेयुक्त पेट्रोलमधून २०२१ मध्ये बाहेर पडला. या सगळ्या काळात ग्राहक पंपावर 'निवड' करतच होता. शिसेयुक्त पेट्रोल त्याला चांगले वाटत होते, कारण त्याची गाडी त्यावर खरोखर चांगली चालत होती. हानी होत होती ती रस्त्यावरच्या इतरांची, आणि ती किमतीत कुठेच दिसत नव्हती.

भारतातही याहून वेगळे घडले नाही. १९५४-५५ मध्ये तुर्भे-माहुलला स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल यांचे तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाले. सत्तरच्या दशकात राष्ट्रीयीकरणानंतर तेच हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. मालकी सरकारकडे आली, तरी पेट्रोलमधले शिसे गेले नाही. पंपांवर ८७ आणि ९३ ऑक्टेन असे दोन प्रकार मिळत, आणि ते ऑक्टेन गाठायला शिसे हा स्वस्त मार्ग होता. बदल झाला तो सर्वोच्च न्यायालयात अ‍ॅड. एम. सी. मेहता यांनी लढवलेल्या याचिकेच्या रेट्यामुळे. आधी चार महानगरांत लिटरमागे ०.५६ ग्रॅमवरून ०.१५ ग्रॅमपर्यंत शिसे उतरले. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत उत्प्रेरक परिवर्तक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या गाड्या आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले, आणि फेब्रुवारी २००० मध्ये देशभरातून शिसे हद्दपार झाले. त्या वेळी दोन आक्षेप घेतले जात होते. एक असा की, शिसे इंजिनाच्या व्हॉल्व्हची बैठक झिजू देत नाही, त्यामुळे ते काढले तर जुन्या गाड्या बसतील. ही भीती पूर्ण निराधार नव्हती, पण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी त्यानंतरही वर्षानुवर्षे धावत राहिल्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता: शिसे काढून ऑक्टेन टिकवायला बेंझीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये वाढवली जातील. दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने हे ठासून सांगितले. त्याला उत्तर म्हणून शिसे परत आणले गेले नाही, तर बेंझीनवरही मर्यादा घातली गेली आणि ती पुढे एक टक्क्यापर्यंत उतरली. मानकातली चूक दुरुस्त झाली ती अधिक चांगल्या मानकाने.

मानके जिथे अर्धवट ठेवली गेली, तिथे काय होते हेही याच इतिहासात दिसते. २००१ मध्ये केंद्राने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन इंधन धोरणासाठी समिती नेमली. सरकारने गाडीच्या धुराचे निकष आणि त्यांना जुळणाऱ्या इंधनाचा दर्जा ठरवावा, तंत्र कोणते वापरायचे ते उत्पादकांवर सोडावे, हे या समितीचे सूत्र आजही मोलाचे वाटते. पण तिने आखलेली वाट दोन वेगांची होती: मोठी शहरे आधी, बाकीचा देश नंतर. २०१० मध्ये बीएस-४ (भारत स्टेज-४) दर्जाचे पेट्रोल तेरा शहरांत आले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. सोलापूरच्या पंपावर गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० होती, तर शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात त्याच कंपनीच्या पंपावर १५०. गंधक परिवर्तकाची क्षमता कमी करते, म्हणजे सोलापुरात घेतलेली बीएस-४ गाडी तुळजापूरला टाकी भरताच आपल्या दर्जाला मुकत होती. कोणत्याही गाडीमालकाने कितीही पैसे मोजले असते, तरी त्याला तिथे ५० गंधकाचे पेट्रोल मिळाले नसते. ही दरी २०१७ मध्ये संपली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ खाली साऱ्या देशात गंधकाची मर्यादा १० वर आली. आज गडचिरोलीच्या पंपावरचे साधे पेट्रोल वीस वर्षांपूर्वी मुंबईत मिळणाऱ्या पेट्रोलपेक्षा अधिक स्वच्छ आहे.

आता एक कठीण प्रश्न. सरकारी मानकांवर इतका विश्वास ठेवायचा, तर भेसळीचे काय? ती तर सरकारच्या डोळ्यांदेखत होत होती, किंबहुना सरकारी धोरणातूनच जन्मली होती. हे खरे आहे. रेशनवरचे रॉकेल गरिबांसाठी स्वस्त ठेवले गेले, आणि ते व पेट्रोल-डिझेल यांच्या किमतींतला फरक हाच भेसळखोरांचा नफा झाला. रॉकेलला निळा रंग दिला, तो काढण्याच्या युक्त्या निघाल्या. रॉकेलचे ऑक्टेन कमी, त्यामुळे भेसळीचे पेट्रोल इंजिन ठोकवते, प्लग काळे करते आणि परिवर्तक निकामी करते. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला तेलाच्या भेसळीची पाहणी करायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले गेले. महाराष्ट्राने हा दिवस विसरता कामा नये, कारण पेट्रोलच्या शुद्धतेची किंमत एका प्रामाणिक अधिकाऱ्याने प्राण देऊन मोजली आहे. पण यातूनही निष्कर्ष तोच निघतो. ग्राहकाने पंप बदलून ही भेसळ संपली नसती. ती आटली ती मुळावर घाव पडला तेव्हा: २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचे दर टप्प्याटप्प्याने वाढवले गेले, गॅस आणि वीज घरोघरी पोहोचली आणि स्वस्त रॉकेलचा पूरच ओसरला.

याचा अर्थ ग्राहकाने हात बांधून बसावे असा नाही. प्रत्येक पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा हक्क त्याला आहे: नोझलचे तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकायचा, शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते आणि डाग राहत नाही, राहिला तर संशयाला जागा आहे. घनताही तपासता येते. काचेच्या उभ्या भांड्यात पेट्रोल घेऊन त्यात हायड्रोमीटर आणि तापमापक सोडतात, आलेले माप तक्त्यावरून १५ अंश सेल्सिअसला बदलून घेतात आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडून पाहतात. घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक निघता कामा नये. हे हक्क वापरायला हवेत. पण तेही कायद्याने दिलेले आहेत आणि कायद्याच्या धाकानेच टिकतात.

प्रीमियम पेट्रोलच्या बाजूने बोलणारे म्हणतील की बाजारानेही चांगले पर्याय दिले आहेत. दिले आहेत, आणि त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादित. टर्बो बसवलेले किंवा जास्त दाबाचे इंजिन असेल आणि माहितीपुस्तिकेत ९५ ऑक्टेन सांगितले असेल, तर तेच घालावे, तिथे काटकसर अंगाशी येईल. इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी द्रव्येही काही ब्रँडमध्ये असतात. पण गंधक आणि बेंझीन यांचे बंधन साध्या आणि महागड्या पेट्रोलला सारखेच लागू आहे. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा दर्जा महाग नोझलमधून वेगळा येत नाही.

हीच कसोटी आजच्या इथेनॉलला लावली पाहिजे. पेट्रोलमध्ये उसाच्या मळीचे अल्कोहोल मिसळण्याची कल्पना जुनी आहे; भारताने १९४८ मध्येच त्यासाठी कायदा केला होता. २००१ मधल्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी निवडलेल्या ठिकाणांत मिरज आणि मनमाड होती. २०२२ मध्ये दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. इथेनॉलचे ऑक्टेन उंच आहे, त्यातून ऊस आणि मका पिकवणाऱ्याला पैसा मिळतो, परकीय चलन वाचते. दुसरीकडे लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा असते, आणि ते पाणी शोषते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच मान्य केले आहे की, वीस टक्क्यांसाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकते. तरीही साध्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. दर्जा सार्वजनिक निर्णयाने ठरावा असे मी म्हणतो, म्हणून हा निर्णय निमूट स्वीकारावा असे कुणी सुचवेल. माझे उत्तर असे की, सार्वजनिक निर्णयाबरोबर सार्वजनिक जबाबदारीही येते. १९९५ ते २००० या काळात शिसेयुक्त आणि शिसेविरहित पेट्रोल देशात शेजारी-शेजारी विकले गेले आणि जुन्या गाड्यांना उसंत मिळाली. शिशासारखे विष काढताना जी सवलत शक्य होती, ती इथेनॉल वाढवताना नाकारण्याचे कारण दिसत नाही.

म्हणून गाडीमालकाने ऑक्टेन माहितीपुस्तिकेप्रमाणे घ्यावे आणि वाचलेले पैसे खिशात ठेवावेत. उरलेली सगळी निवड आपण नागरिक म्हणून करायची आहे. प्रत्येक नोझलवर इथेनॉलची टक्केवारी ठळक लिहा, जुन्या गाड्यांसाठी काही वर्षे कमी मिश्रणाचे पेट्रोल ठेवा, आणि पंपांच्या तपासणीचे निकाल लोकांसमोर मांडा, ही मागणी आपण एकत्रितपणे सरकारकडे करायला हवी. शिसे आणि गंधक असेच गेले. पुढचा दर्जाही असाच मिळेल.