साथ आली की थैली उघडते

आमच्या मोर्शीत संशोधनाचा विषय काढला की माणसं थेट संत्र्यावर येतात. ते साहजिकच आहे. कोळशीनं बागा काळ्या पडल्या, डिंक्यानं झाडं वाळली, तेव्हा सरकारी शास्त्रज्ञ बांधावर उभे राहिलेले इथल्या लोकांनी पाहिले आहेत. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, हे आमच्याकडच्या आठवी शिकलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. दापोरीकडचा एक बागायतदार मला एकदा म्हणाला, “सर, झाडाले कोळशी लागली तं साहेब येते, पोराले ताप चढला तं आपल्यालेच अमरावतीले पळा लागते.”

मी प्राणिशास्त्राचा मास्तर. निवृत्तीपर्यंत बेडकाची आतडी आणि डासाचे पंख शिकवत आलो. त्या बागायतदाराचं बोलणं मनात राहिलं आणि मी एक वही घातली. माणसाच्या रोगावर शोध घ्यायला आपल्याकडे सरकारनं पैसा केव्हा दिला, कुणाला दिला आणि तो किती काळ टिकला, एवढंच त्या वहीत मांडायचं होतं. जे सापडलं त्याचं सार सांगायचं तर, साथ आली की सरकारची थैली उघडते. ती उघडी राहील की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला. कलकत्त्याला पटकीच्या लशीचं काम करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांना सरकारनं मुंबईला बोलावलं. हा ओडेसाचा माणूस, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, बाहेरचा व्हरांडा आणि थोडी माणसं मिळाली. एवढ्या भांडवलावर त्यांनी काही आठवड्यांत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस उपयोगी ठरते आहे असं दिसल्यावर सरकारचा हात सैल झाला. १८९९ मध्ये परळचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे गव्हर्नरांचा राहता वाडा होता तो, प्रयोगशाळेला मिळाला. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

त्या प्लेगची आठवण आमच्या घरात आजीच्या तोंडून आली. उंदीर मरून पडू लागले की गाव रिकामं व्हायचं. धान्याची पोती आणि जनावरं घेऊन लोक शेतात झोपड्या घालायचे आणि थंडी ओसरेपर्यंत तिथंच राहायचे. सुई टोचणारा सरकारी माणूस आला की पोरं कडब्याच्या गंजीत लपायची. परळच्या वाड्यातली ती बाटली वऱ्हाडातल्या कडब्याच्या गंजीपर्यंत पोचली होती, याचं मला अजून नवल वाटतं.

संशोधनाला पैसा देण्याची रीतसर पद्धत बसली ती या प्लेगच्या घरातच. १५ नोव्हेंबर १९११ रोजी मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत सर हार्कोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’च्या नियामक मंडळाची पहिली बैठक झाली. वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणं हेच या संस्थेचं काम. १९१३ पासून तिचं नियतकालिक निघू लागलं, ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’. ते आजही निघतं. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये संस्थेचं नाव बदलून ‘इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च’ झालं. वर्तमानपत्रांत कोरोनाच्या काळात रोज ज्या ‘आयसीएमआर’चं नाव यायचं, ती हीच. प्रश्न मांडा, पद्धत सांगा, खर्चाचा अंदाज द्या, समितीपुढे या, हप्ता घ्या, हिशेब द्या, ही आजची वहिवाट त्या जुन्या फंडाच्या घराण्यातली आहे.

आता माझ्या वहीतलं सगळ्यात जाड प्रकरण. त्याचं नाव चांदीपुरा.

१९५२ साली पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं. आधार आयसीएमआरचा आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचा. कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा माग काढणं हे केंद्राचं मुख्य काम. १९६५ मध्ये नागपुरात तापाची मोठी लाट आली. पुण्याची माणसं तिथं रक्ताचे नमुने घ्यायला गेली. शोध चिकनगुन्या आणि डेंग्यूचा चालू होता, पण दोन रुग्णांच्या रक्तात तिसराच विषाणू निघाला. प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी त्याचं वर्णन १९६७ साली त्याच १९१३ पासूनच्या नियतकालिकात छापलं. ज्या वस्तीतून नमुने आले तिचं नाव विषाणूला मिळालं. विदर्भातल्या एका वस्तीचं नाव अशा रीतीनं जगाच्या विषाणूंच्या यादीत गेलं.

त्याच १९६७ पासून पुण्याच्या केंद्राचा सगळा खर्च आयसीएमआरकडे आला. अमेरिकेचा हात निघाला तरी दिवा विझला नाही, ही या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. १९७८ मध्ये केंद्राला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि ते ‘राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था’ झालं. २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू वेगळा काढून कोव्हॅक्सिनसाठी दिला, तो याच संस्थेनं. आधीची वर्षानुवर्षं तिथं फ्रीझर चालू नसते आणि हात सरावलेले नसते, तर हे काही आठवड्यांत उभं राहिलं नसतं.

चांदीपुऱ्याच्या बाबतीत मात्र तालुक्यापर्यंतचा शेवटचा टप्पा राहून गेला. मराठवाड्यात वाळूमाशीत तो विषाणू सापडला. १९८०च्या सुमारास मध्य प्रदेशात मेंदूज्वराच्या रुग्णाच्या रक्तातही सापडला. हे सगळं निबंधांत छापून आलं. पण आमच्या तालुक्यात, सरकारी दवाखान्यात काय की खासगीत काय, त्या काळात कुणी हे नाव घेतल्याचं मला आठवत नाही. मीसुद्धा वाळूमाशी शिकवताना काळ्या आजारावर थांबत असे.

मग २००३ चा जून आला. आंध्र प्रदेशात मुलांना ताप, उलटी, झटके आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असं सुरू झालं. जून ते ऑगस्ट या काळात ३२९ मुलं दवाखान्यात आली, त्यांतली १८३ गेली. पुण्याच्या संस्थेनं तपासलं तर हाच विषाणू, नागपुरात अडतीस वर्षांपूर्वी निघालेला. महाराष्ट्रातही त्याच सुमारास मुलं दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागात पुन्हा उद्रेक झाला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तो इतका पसरला की जागतिक आरोग्य संघटनेनं गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात मोठा उद्रेक म्हणून त्याची नोंद केली. नेमकं औषध नाही, बाजारात लस नाही. झटके थांबवायचे, मेंदूची सूज उतरवायची, श्वास चालू ठेवायचा, एवढंच डॉक्टरांच्या हातात.

वाळूमाशी डासापेक्षा खूपच लहान, दोन-तीन मिलिमीटरची. नीट उडतही नाही, उड्या मारत जाते. मातीच्या भिंतीतल्या भेगा, गोठ्यातला ओलसर कोपरा, शेणाचे ढीग ही तिची घरं. नेर पिंगळाईपासून सालबर्डीपर्यंत जुन्या मातीच्या घरांत अशा भेगा किती आहेत, हे मला वेगळं शोधावं लागत नाही. २००३ नंतर मी वर्गात चांदीपुऱ्याचं नाव घेऊ लागलो. पुढे रस्त्यात भेटणारे जुने विद्यार्थी विचारू लागले, “सर, निंगालं का त्याचं औषध?”

दुसरं प्रकरण सिकलसेलचं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि अंगात असह्य कळा येतात. हा आजार आईबापाकडून येतो. १९५८ साली आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी या दोघांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि हा विदर्भाच्या घराघरातला आजार आहे हे कागदावर आलं. घराघरात कळांना लोक वाताची नावं द्यायचे, कुणी बाहेरची बाधा म्हणायचे. इथं साथ नव्हती, एका दिवसात कुणी शंभर मेले नव्हते. त्यामुळे गोष्ट फार सावकाश चालली. मुंबईत आयसीएमआरची रक्तविकारांची संस्था १९५७ पासून होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर चिकाटीनं काम केलं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध वजनाच्या दर किलोला दहा मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेतही मुलांच्या कळा कमी करतं, हे त्यांनी दाखवलं. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि रक्ततपासणीसाठी कमी खेपा. ज्याला मजुरी बुडवून एसटीनं यावं लागतं, त्या बापाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

सिकलसेलसारख्या रक्तविकारांचं आयसीएमआरचं खास केंद्र चंद्रपूरला ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झालं. १९५८ पासून मोजा. पुढच्याच वर्षी, १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत आजार हटवायचा आणि त्यासाठी सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं ठरलं. चांगलंच झालं. पण जो आजार साथीसारखा गाजावाजा करत येत नाही, त्याच्या वाट्याला सरकारी पैसा किती उशिरा येतो, हे या तारखांवरून कळतं.

आजच्या घडीला पैशाची दारं कमी नाहीत. आयसीएमआर आहे, १९८६ पासून जैवतंत्रज्ञान विभाग आहे, २०१२ पासून नव्या कल्पनांना पैसा देणारी त्याच विभागाची बायरॅक आहे. २०२३ च्या कायद्यानं राष्ट्रीय अनुसंधान प्रतिष्ठान आलं, त्याचा पाच वर्षांचा आकडा पन्नास हजार कोटींचा. त्यातला मोठा वाटा मात्र खासगी क्षेत्राकडून येईल असं धरलेलं आहे. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. आमच्याकडच्या एका पोरीचा अर्ज भरायला मी बसलो होतो. तिला विषय सुचवावा लागला नाही. तिनंच विचारलं, “सर, आमच्या गावच्या बायकाईले एवढा पांडुरोग कायचा हो?”

खरी अडचण तालुक्याला येते. माझा एक जुना विद्यार्थी डॉक्टर होऊन इथंच परतला. पावसाळ्यात तापानं आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद तो स्वतःच्या रजिस्टरात करतो: गाव, घराची भिंत कशाची, गोठा किती दूर, झटके आले की नाहीत. अनुदानासाठी त्यानं एका ठिकाणी विचारणा केली. उत्तर नियमाप्रमाणेच आलं. संस्था सरकारी नसेल तर तिला केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता हवी. नोंदणीकृत नीतिशास्त्र समिती हवी. रकमेच्या विनियोगाचं प्रमाणपत्र दर वर्षी भरणारा लेखापाल हवा. यातली एकही अट मूर्खपणाची नाही. माणसाचं रक्त घ्यायचं तर त्याची परवानगी आणि त्यावर देखरेख हवीच, आणि सरकारी पैशाचा हिशेबही हवाच. पण या सगळ्या गोष्टी अमरावती, नागपूर, सेवाग्रामला असतात, आणि रोगी नेर पिंगळाईला असतो.

सेवाग्रामचं नाव मुद्दाम घेतलं. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी तिथं वैद्यकीय महाविद्यालय काढलं. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, पाव राज्याचा आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. खेड्यात उभी राहिलेली संस्था सरकारी पैशावर पन्नास वर्षांहून जास्त चालू शकते, तिथं हत्तीपायासारख्या गोरगरिबांच्या रोगावर प्रयोगशाळा चालू शकते, हे तिनं दाखवून दिलं. पैसा एकदाच न येता दर वर्षी येत राहिला, म्हणून हे जमलं.

आमच्याच तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं त्यांना गाठून विचारलं, आठवणी पडताळल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. दारोदार जाऊन विचारणं, एकाच्या सांगण्याला दुसऱ्याच्या सांगण्यानं तपासणं, जसंच्या तसं लिहून ठेवणं, हे काम इथल्या मातीला नवं नाही. माझ्या विद्यार्थ्याचं रजिस्टर त्याच जातीचं काम आहे.

म्हणून माझं मागणं मोठ्या इमारतीचं नाही. आयसीएमआरनं ग्रामीण भागासाठी आदर्श आरोग्य संशोधन युनिटं काढली आहेत, डहाणूला त्यातलं एक आहे. तसं एक सातपुड्याच्या पायथ्याला हवं. मोर्शीच्या उपजिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं, दोन तंत्रज्ञ, एक फ्रीझर, पुण्याला नमुना पाठवायची पक्की सोय आणि मेडिकल कॉलेजच्या नीतिशास्त्र समितीचा आधार असलेलं. त्याला अनुदान द्यायचं ते साथीच्या वर्षापुरतं नको, सलग वीस वर्षं द्यायला हवं. ज्या पावसाळ्यात एकही मूल दगावणार नाही, त्या पावसाळ्याचंही रजिस्टर भरलं गेलं पाहिजे. त्या कोऱ्या वर्षांचा पैसा वाया गेला असं लेखापरीक्षकाला वाटेल. त्याला चांदीपुऱ्याची १९६७ आणि २००३ ही दोन सालं दाखवावीत आणि मधल्या वर्षांचा हिशेब विचारावा.